अब्राहम म्हणजे ब्रह्मा का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की रोमन लोकांचा ज्युपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पिता हे मुळात एकच नाव आहे, आकाश-बाप. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं गाळलीत, फक्त भाग ठेवलाय.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. ज्यू लोकांचा अब्राहम म्हणजे आपला ब्रह्मा आणि त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती. दोन्हीकडे बायको नात्यातलीच आहे असंही त्यात आहे. एवढं सगळं जुळणं हा योगायोग कसा असेल? – कोथरूड

काका, असू शकतो. आधी एक साधं उदाहरण घेऊ. आपण बदनाम, बदसूर म्हणतो त्यातला 'बद' फारसी आहे, अर्थ वाईट. आणि इंग्रजीतला 'बॅड', अर्थ वाईटच. आवाज तोच, अर्थ तोच, आणि तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, दोन्ही आपापल्या घरात वेगवेगळे वाढलेत. आता उलटं बघा, आपलं 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील', कानाला काही म्हणजे काही जुळत नाही, पण हे दोन्ही एकाच जुन्या शब्दापासून निघालेत आणि भाषेचे अभ्यासक ते एकेक अक्षर करून दाखवून देतात. म्हणजे कान हा इथे फार कच्चा साक्षीदार आहे. भावंडं ओळखायची तर एका भाषेतला आवाज दुसरीत दर वेळी ठरलेल्या पद्धतीनेच बदलतोय का ते बघावं लागतं.

आता नावं उघडून बघू. अब्राहममधला 'अब' म्हणजे बाप, अरबीतलं अबू, अरामीतलं अब्बा त्याच घरातलं. त्यामुळे सुरुवातीचा 'अ' काढून टाकून 'ब्राहम' उरवता येत नाही, तो 'अ' काढला की बापच गेला. शिवाय बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात १७व्या अध्यायापर्यंत त्याचं नाव अब्राम आहे, म्हणजे ज्या 'ह'च्या जोरावर तो ब्रह्मासारखा ऐकू येतो तो 'ह' नंतर आलाय. त्याच अध्यायात सारायची सारा होते, आणि सारा म्हणजे थोर घरची स्त्री, राजकन्या. आपल्याकडे ब्रह्म हा शब्द वाढणे, मोठं होणे या अर्थाच्या 'बृह्' धातूवरून सांगतात आणि ऋग्वेदात ब्रह्म म्हणजे मंत्र, सामर्थ्याचं बोलणं. चार तोंडांचा, सृष्टी घडवणारा ब्रह्मदेव पुष्कळ नंतरचा. आणि कथेतलं काम बघाल तर अब्राहम कुठेच सृष्टी घडवत नाही हो, तो ऊर शहरातून निघालेला, कळप घेऊन फिरणारा माणूस आहे, म्हातारपणी मूल व्हावं म्हणून वाट बघणारा. नात्यातल्या बायकोचं म्हणाल तर उत्पत्ती २०:१२ मध्ये सारा सावत्र बहीण असल्याचं आहे हे खरं, पण पुराणात सरस्वती ही ब्रह्मदेवाची मुलगी, त्यानेच निर्माण केलेली. दोन्हीकडे गोष्टच वेगळी आहे.

आणि मला खरं वाईट कशाचं वाटतं सांगू, या फॉरवर्डच्या नादात सरस्वतीची खरी बहीण कुणाला माहीतच होत नाही. ती सापडलेली आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हरह्वैती नावाची नदी आहे, 'स'च्या जागी 'ह' ठेवला की सरस्वतीच. इराणच्या दारियस राजाच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात त्या प्रदेशाचं नाव हरउवतीश येतं, ग्रीक त्याला अराकोसिया म्हणत, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला कंदाहारचा भाग, तिथे जी अर्घंदाब नदी वाहते तीच ही हरह्वैती असं मानतात. ही बहीण नुसती आवाजाने जुळलेली नाही, एका पक्क्या नियमाने जुळलेली आहे. तो नियम पुढच्या उत्तरात येतोय.

एक मात्र सांगते, तुमचं फॉरवर्ड करणारे या वाटेवरचे पहिले नाहीत. ॲरिस्टॉटलचा शिष्य क्लिआर्कस म्हणून होता, त्याने ज्यू लोक हे हिंदुस्थानातल्या तत्त्वज्ञांचे वंशज आहेत असं म्हटल्याचं योसेफस या ज्यू इतिहासकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवलंय. लांबच्या शहाण्या माणसांचं आपसात नातं लावून बघायची हौस दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

कॅम्पात आमच्या शेजारी एक पारशी आजी राहतात. त्या म्हणाल्या की आमच्यात 'देव' म्हणजे वाईट शक्ती आणि 'अहुर' म्हणजे परमेश्वर. मी घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. हे खरंय का? – लष्कर भाग

शंभर टक्के खरं आहे, आणि आजींकडे पुन्हा जाऊन बसा, कारण तुमच्या त्या शेजाराइतका जवळचा नातेवाईक वेदांना जगात दुसरा नाही.

आधी तो नियम. आपण गावाकडे 'अखंड हरिनाम सप्ताह' म्हणतो आणि बँकेत 'हप्ता' भरतो. सप्ताह संस्कृतातून आला, सात दिवसांचा. हप्ता फारसीतून आला, मूळ अर्थ तोच, सात दिवस. संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणी भाषांत 'ह', सप्त-हप्त, सिंधू-हिंदू, सोम-हओम, आणि तसंच असुर-अहुर. एक-दोन शब्दांत नाही, शेकडो शब्दांत हे तसंच्या तसं घडतं, म्हणून तो नियम.

आता गंमत अशी की ऋग्वेदाच्या जुन्या भागात असुर ही शिवी नाहीच आहे. वरुणाला असुर म्हटलंय, अग्नीला म्हटलंय, इंद्रालासुद्धा, आणि ते मानाने, सामर्थ्यवान, स्वामी अशा अर्थाने. नंतर आपल्याकडे असुर खाली गेला आणि देव वर राहिला, इराणात बरोबर उलटं झालं, अहुर मज्दा सर्वोच्च झाला आणि दएव खाली गेला. अवेस्तातल्या वेंदिदादमध्ये इंद्र हा चक्क दुष्टांच्या यादीत आहे, आपल्या अश्विनीकुमारांचं नासत्य हे नावसुद्धा त्याच यादीत. हे असं का झालं याची दोन घराण्यांचं भांडण झालं वगैरे सोपी कथा सांगतात, माझा तिच्यावर विश्वास नाही, कारण मित्र, सोम, यम ही मंडळी दोन्हीकडे मानाने राहिलीच आहेत आणि भांडण असतं तर सगळंच वाटून घेतलं असतं. हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या बदललेलं दिसतंय हे.

पण मला यात सगळ्यात आवडतो तो तुकडा वेगळाच आहे. इंद्राचं मोठं बिरुद वृत्रहन्, वृत्राला मारणारा. इंद्र इराणात दुष्ट ठरला पण ते बिरुद ठरलं नाही, वेरेथ्रघ्न नावाचा विजयाचा वेगळा पूज्य देव म्हणून ते तिथे उभं राहिलं, आणि काळाच्या ओघात घासत घासत त्याचं झालं बेहराम. पारशांचा सर्वांत पवित्र अग्नी, ज्याची भारतात आठच मंदिरं आहेत, मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाडा, त्याला काय म्हणतात? आतश बेहराम. म्हणजे वृत्रहन् शब्द आजही उदवाड्याला जळतोय. आणि यम. आपला यम हा विवस्वानाचा मुलगा, त्यांचा यिम हा विवंघवंताचा मुलगा, त्याला तेजस्वी या अर्थाचं खषएत हे विशेषण लागलं आणि यिम-खषएतचं झालं जमशेद. आपण ज्या नावाने दचकतो तेच नाव शेजारच्या घरात मुलाला हौसेने ठेवतात, नवरोजलाही लावतात! आजींना हे सांगा, त्या तुम्हाला रवो, म्हणजे त्यांचा गोड शिरा, खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाहीत.

याच ओघात एक सांगायलाच हवं. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे १९०६-०७ च्या उत्खननात मातीच्या विटांवर कोरलेला एक तह सापडला, तिथला हित्ती राजा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा राजा यांच्यातला, इ.स.पू. १४ व्या शतकातला. तह मोडलास तर हे बघून घेतील म्हणून साक्षीला जे देव घेतलेत त्यात मितान्नीच्या बाजूने मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. सिरियाच्या उत्तरेला, चौतीसेक शतकांपूर्वी! मित्र या शब्दाचा जुना अर्थच मुळी करार, तेव्हा त्याला तहाच्या साक्षीला बोलावलं हे किती बरोबर. कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी लॉ कॉलेज रोडने घरी चालत आले आणि रस्ता कधी संपला ते कळलं नाही.

राम आणि इजिप्तचा रामसेस एकच का? – हडपसर

नाही. रामसेसमध्ये 'रा' हा सूर्यदेव आणि 'मसेस' हा जन्म देण्याचा शब्द, अर्थ 'रा'ने जन्माला घातलेला. तिथला 'रा' एका शब्दाचा आणि 'म' दुसऱ्या शब्दाचा, त्यांना जोडून राम करता येत नाही. थुतमोस नावाच्या शेवटी जो मोस आहे तो हाच.

मनूचा मासा आणि नोहाचं जहाज या दोन्ही गोष्टी महापुराच्याच. नूह आणि मनुः नावंही जवळची. मूळ घटना एकच असणार ना? – नारायण पेठ

नारायण पेठेतून हा प्रश्न यावा याचं मला काहीतरी झालं. तुमच्याकडे अजून अशी घरं असतील जिथे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. माझ्या आईच्या तोंडून तो दिवस मी इतक्यांदा ऐकलाय की मला वाटतं मीच तिथे होते. पूर ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक गावाकडे असते, आणि पुराच्या गोष्टीत नाव, डोंगर, वाचलेला एखादा माणूस हे येणारच, पुरात दुसरं असतं काय. म्हणून एवढ्या साम्यावर नातं जोडू नये, त्याच्या आतले बारीक, उगाचचे वाटणारे तपशील जुळतात का ते बघावं.

आणि तिथेच मजा आहे. नोहा पाणी ओसरलं का ते बघायला आधी कावळा सोडतो, मग कबुतर. १८७२ च्या डिसेंबरात जॉर्ज स्मिथने लंडनमध्ये मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, गिल्गमेश महाकाव्याच्या विटा वाचून दाखवल्या, त्यात उतनपिश्तिम नावाचा माणूस जहाज डोंगराला लागल्यावर कबुतर सोडतो, मग पाकोळीसारखा पक्षी, मग कावळा, आणि कावळा परत येत नाही. असा तपशील दोघांना वेगवेगळा सुचत नाही. नोहाची गोष्ट मेसोपोटेमियाच्या गोष्टीची नात लागते यात मला शंका नाही.

मनूचं तसं नाही. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुतोय आणि ओंजळीत एक चिमुकला मासा येतो, म्हणतो मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात, शेवटी माशाच्या शिंगाला नाव बांधून उत्तरेच्या डोंगरावर जातो. पक्षी नाहीत. जनावरांच्या जोड्या नाहीत. माणसांच्या पापाबद्दल एक शब्द नाही. आणि तो मासा त्या जुन्या कथेत विष्णूही नाही बरं का, महाभारताच्या वनपर्वात तो स्वतःला ब्रह्मा म्हणवतो आणि मत्स्यपुराणात विष्णू होतो. इकडे मोठ्या माशाने लहान माशाला खाऊ नये म्हणून सांभाळ ही जी विनवणी आहे, ती मला फार अस्सल इथली वाटते. सिंधूकाठचे लोक आणि ऊर यांचा व्यापार होता, सिंधूच्या मुद्रा तिथे सापडल्यात, तेव्हा गोष्ट बोटीतून आली असेल असं कुणी म्हटलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही, पण त्या व्यापारात आणि शतपथात हजाराहून जास्त वर्षांचं अंतर आहे हे त्याने ध्यानात ठेवावं. नावाचं म्हणाल तर मनू हा शब्द माणूस, मानव यांच्याच घरातला, आणि नोहाच्या नावाला हिब्रूत विसाव्याचा अर्थ आहे.

भविष्यपुराणात आदम, नोहा, येशू सगळे आहेत, मग पुरावा आणखी काय पाहिजे? – सिंहगड रोड

आहेत, प्रतिसर्गपर्वात. आदम आहे, हव्यवती आहे, न्यूह आहे, ईशमसीह आहे. पण त्याच पर्वात पुढे तैमूर येतो, अकबर येतो आणि इंग्रजांची राणीसुद्धा येते. म्हणजे तो भाग लिहिणाऱ्याने इंग्रज बघितलेले आहेत, आणि बायबल तोवर हिंदुस्थानात पुरतं पोचलं होतं. तो लिहिणारा आपल्याला कळलेलं सगळं जग एका पुराणात बसवू बघत होता, ही धडपड मला फार माणसासारखी वाटते, पण पुरावा म्हणून ती घेता येत नाही.

याहून वाईट प्रकार बनारसला घडलाय. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याला पुराणांत नोहा आणि इजिप्त शोधायचं होतं, त्याने पंडित नेमला, आणि पंडिताने साहेबाला हवं ते पोथ्यांत घुसवून दिलं, नोहाच्या तीन मुलांची संस्कृत नावं सुद्धा, शर्म, चर्म आणि ज्यापेति. साहेबाने ते छापलं. पुढे शाई आणि पानं नीट बघितल्यावर फसवणूक उघडी पडली आणि १८०५ मध्ये त्याने जाहीर कबुली दिली. ते श्लोक मात्र कबुलीपेक्षा जास्त जगले. जो उत्तर ठरवून प्रश्न विचारतो त्याला उत्तर मिळतंच, तेव्हा कुणी श्लोक पाठवला की अध्याय विचारा, आणि छापील प्रत उघडून बघा.

मी एमएला आहे. आमचे सर म्हणतात असले अंदाज बांधूच नयेत, तो वेळ घालवणं आहे. तुम्हाला काय वाटतं? – डेक्कन

सरांचा अनुभव दांडगा असणार, त्यांनी असे पेपर ढिगाने तपासले असतील. पण मी याच्याशी सहमत नाही, अंदाज बांध, फक्त तो खोटा ठरेल अशी जागा त्यात ठेव.

टिळकांनी काय केलं ते बघ. १९१७ मध्ये भांडारकरांच्या गौरवग्रंथात त्यांनी खाल्डिया, म्हणजे बाबिलोनकडचा भाग, आणि वेद यांच्यावर लेख लिहिला. अथर्ववेदात पाचव्या कांडात तेरावं सूक्त सापाच्या विषावरचं आहे, त्यात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे शब्द येतात ज्यांचा संस्कृतात धड अर्थच लागत नाही. टिळक म्हणाले तैमात म्हणजे बाबिलोनची तिआमत, ती अथांग समुद्रराक्षसी, आणि उरुगूला म्हणजे तिकडचा पाताळाचा शब्द उरुगल. आता हे बरोबर की चूक यावर मतं आहेत, पण पद्धत बघ ना, चार शब्द, एक सूक्त, आणि ते शब्द आपल्या भाषेत परके आहेत हे आधी दाखवलं. कुणीही उठून तपासावं. अंदाज असा असावा.

आणि कधीकधी वाट शेवटपर्यंत सापडतेसुद्धा. रोमन कॅथलिक संतांच्या जुन्या यादीत २७ नोव्हेंबरला योसाफत म्हणून एक संत होता, हिंदुस्थानचा राजपुत्र, महालात वाढला, बाहेर पडल्यावर आजारी, म्हातारा बघितला आणि सगळं सोडलं. ओळखलंस ना? बोधिसत्त्व. त्याचं पश्चिमेकडे बूदासफ झालं, अरबीत 'ब' आणि 'य' यांच्यात फक्त नुक्त्याचा, म्हणजे टिंबाचा, फरक आहे, एक नुक्ता जास्त पडला आणि यूदासफ झालं, मग जॉर्जियन, मग ग्रीक, मग लॅटिन. बुद्ध आणि योसाफत कानाला जुळतात का? अजिबात नाही. पण मधला एकेक मुक्काम हातात आहे.

कृष्ण आणि ख्रिस्त हा वाद एकदाचा मिटवा. दोघेही रात्री जन्मले, दोघांच्याही जिवावर राजा उठला. कुणी कुणाचं घेतलं? – सदाशिव पेठ

नावं आधी बाजूला काढू. कृष्ण म्हणजे काळा, ख्रिस्त हा ग्रीक शब्द, तेलाचा अभिषेक झालेला, हिब्रूतल्या मसीहाचं भाषांतर. नात्याचा प्रश्नच नाही. कथेचं म्हणाल तर जन्मतःच राजा मारायला उठलाय असं मूल पुष्कळ ठिकाणी आहे, मोझेस आहे, इराणचा सायरस आहे.

पण हा वाद पुण्याचा आहे आणि लहान माणसांनी केलेला नाही. ज्यांच्या नावाने लॉ कॉलेज रोडवर संस्था उभी आहे त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीच १९१३ मध्ये लिहिलं की वासुदेवाची भक्ती जुनी आहे, पण बाळकृष्ण, गोकुळातला गोपाळ, हा आभीर या गुराखी लोकांबरोबर नंतर आला असावा आणि त्यांनी ख्रिस्ताचं नावही कदाचित बरोबर आणलं असावं. हे मत टिकलं नाही. आणि ते न टिकण्याला त्यांचंच दुसरं काम कारणीभूत आहे असं मला वाटतं. पतंजलीच्या महाभाष्यात 'जघान कंसं किल वासुदेवः' असं उदाहरण येतं, वासुदेवाने कंसाला मारलं म्हणे, आणि पतंजली इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावरचा हे आग्रहाने मांडणारे भांडारकरच. म्हणजे कंसाची कथा ख्रिस्ताच्या आधी दीडशे वर्षं व्याकरणाच्या वर्गात सांगितली जात होती. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभा केला तोही इ.स.पू. ११० च्या सुमारास. ग्रीक माणूस, तक्षशिलेचा, स्वतःला भागवत म्हणवतो. देवाणघेवाण झालीच नाही असं नाही, झालीये, इथे देव आपला होता आणि भक्त परका.

आणि एवढं लांब जायचं नसेल तर रविवारी जुन्नरला जा. तिथून घाटघरमार्गे नाणेघाट, पावसाळा संपला की जा म्हणजे दगड कोरडे असतात. गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा, सुरुवातीलाच वंदन आहे, धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेव या जोडीला, चंद्रसूर्यांना, आणि मग चार लोकपाल, यम, वरुण, कुबेर, वासव. ते वरुणाचं नाव तेवढं शोधा, ब्राह्मी येणारं कुणी बरोबर असेल तर बोट ठेवून दाखवेल. तुर्कस्तानातल्या त्या तहात साक्षीला उभा असलेला वरुण तो हाच.